पाणी हिरवं झालं, पण औषध गेलं का?

वाचकांचे प्रश्न

सांडपाण्यातली प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, काढायला सूक्ष्मशैवालं कशी वापरतात यावर मागच्या अंकात मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : मी गोळी घेतली की ती अंगात जाऊन संपते असं मला वाटायचं. मग पाण्यात अँटिबायोटिक येतं कुठून?
– एक गृहिणी

संपत नाही. शरीर या औषधांचा बराचसा भाग जसाच्या तसा बाहेर टाकतं. अमोक्सिसिलिनचा निम्म्याहून जास्त भाग लघवीवाटे न बदलता जातो. तोंडाने घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा चाळीस ते पन्नास टक्के भाग तसाच निघतो. जनावरांना दिलेल्या औषधांचंही तेच, ती शेणामुतातून बाहेर येतात. मत्स्यशेतीत तर औषध खाद्यातून थेट पाण्यातच पडतं.

सल्फामेथॉक्झाझोलची गोष्ट मला नेहमी सांगाविशी वाटते. आपलं यकृत या औषधाच्या रेणूला एक अ‍ॅसिटिल गट जोडतं आणि त्याला निष्क्रिय करतं. हा निष्क्रिय रेणू सांडपाणी प्रकल्पात पोचतो, तिथले जिवाणू तो जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा तयार होतं. त्यामुळे कधीकधी प्रकल्पात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात हे औषध जास्त सापडतं. सांडपाणी प्रकल्प मुळात सेंद्रिय मैला, नत्र आणि स्फुरद काढण्यासाठी बांधलेले असतात, औषधं काढण्यासाठी नाहीत.

प्रश्न : मी रुग्णांना ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून देतो. नदीत सापडतात ते नॅनोग्रॅम. एवढ्याशा औषधाने जिवाणूला काय फरक पडणार?
– एक डॉक्टर

डॉक्टरसाहेब, जिवाणू मरण्याइतकं औषध तिथे नसतं, आणि काळजी नेमकी त्याचीच आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषधाला दाद देणारे आणि दाद न देणारे जिवाणू त्यांनी एकाच पात्रात वाढवले आणि औषध अगदी थोडं ठेवलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम असतानाही प्रतिरोधक जिवाणू पुढे सरकताना दिसले. साध्या जिवाणूची वाढ रोखायला जेवढं औषध लागतं त्याच्या दोनशेहून जास्त पट कमी असं हे प्रमाण. शहरी सांडपाण्यात एवढं सिप्रोफ्लॉक्सॅसिन सहज सापडतं.

शिवाय सगळीकडे नॅनोग्रॅमच असतात असंही नाही. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणारा एक सामाईक प्रकल्प आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. तुमच्या रुग्णाच्या रक्तात गोळीनंतर जेवढं चढतं त्याच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. २०२२ साली १०४ देशांतल्या २५८ नद्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांचे अंश जवळजवळ सगळीकडे मिळाले, आणि अनेक ठिकाणी प्रतिजैविकं सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होती.

प्रश्न : वर्गात मुलांनी विचारलं की शैवाल औषध ‘खातं’ का? इंटरनेटवर कुठे ‘९५ टक्के निर्मूलन’ लिहिलेलं असतं, तर कुठे त्याच औषधासाठी दहा टक्के. शैवाल नेमकं करतं तरी काय?
– एक विज्ञानशिक्षिका

बाई, तुमच्या मुलांचा प्रश्न सगळ्या पत्रांत उत्तम आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर ‘शैवालाने काढलं’ या दोन शब्दांची चिरफाड करावी लागेल.

क्लोरेला किंवा सेनेडेस्मस या सूक्ष्मशैवालांची पेशी काही मायक्रोमीटरची असते. औषध मिसळलेलं पाणी या पेशींसोबत उजेडात ठेवलं की एकाच वेळी अनेक गोष्टी घडू लागतात. काही औषध पेशीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटतं. ही भिंत ऋणभारित असते, म्हणून ज्या रेणूवर थोडाफार धनभार आहे तो तिला धरून बसतो. सल्फामेथॉक्झाझोल साध्या पाण्यात स्वतःच ऋणभारित असतं, ते भिंतीजवळ फारसं फिरकत नाही. काही औषध पेशीच्या आत शिरतं. आत गेलेल्यातल्या काही भागावर पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, काम करतात. आपल्या यकृतात औषधं मोडणारा सायटोक्रोम पी-४५० हा विकरांचा गट शैवालातही आहे. शैवालाने बाहेर सोडलेले सेंद्रिय पदार्थ उजेड शोषून क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात आणि तो औषधाचे रेणू तोडतो. शिवाय नुसत्या उजेडानेही काही औषधं मोडतात. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दोन्ही त्यात येतात.

सामूकडे, म्हणजे पीएचकडे, बहुतेकांचं लक्ष जात नाही. दिवसभर प्रकाशसंश्लेषण चालू असतं, शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढत जातो. भर उन्हात दाट हिरव्या तळ्याचा सामू ९ च्या पुढे, कधी १० च्याही वर जातो. रात्री तो उतरतो. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांची जी चार अणूंची कडी असते, ती अशा अल्कधर्मी पाण्यात फुटते. म्हणजे अमोक्सिसिलिन नाहीसं झालं, पण ते शैवालाच्या कुठल्याही विकराने मोडलं नाही. शैवालाने पाणी बदललं आणि पाण्याने औषध मोडलं. तळं चालवणाऱ्याला दोन्ही सारखंच, पण संशोधकाला नाही. तो सामू कृत्रिमरीत्या ७ वर धरून प्रयोग करील तर त्याला वेगळाच आकडा मिळेल.

म्हणूनच ‘९५ टक्के’ वाचलं की मी आधी तुलनेची पात्रं शोधते. आमच्या प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्या मुलामुलींकडून पहिल्याच दिवशी हे पाठ करून घेते. एकाच औषधाची चार शंकुपात्रं लावायची. पहिल्यात उजेडात जिवंत शैवाल. दुसऱ्यात तेच शैवाल, पण पात्र काळ्या कागदात गुंडाळून अंधारात. तिसऱ्यात उजेडात मेलेलं शैवाल. चौथ्यात उजेडात नुसतं पाणी आणि औषध. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा प्रयोग असेल तर चौथ्या पात्रातलं औषधही झपाट्याने कमी होताना दिसतं, आणि विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. मी त्यांना सांगते, हाच तुमचा खरा निकाल. पहिल्या पात्रातून चौथं वजा करा, मग शैवालाचं श्रेय किती ते बोला. सल्फामेथॉक्झाझोल किंवा ट्रायमेथोप्रिम घेतलं तर चारही पात्रं बराच काळ जवळपास जिथल्या तिथे राहतात. शैवालाचं कौतुक करणाऱ्या लेखांत या दोन औषधांचं नाव क्वचितच येतं, यावरून काय ते ओळखावं.

वर्गाला सांगण्यासारखी आणखी एक बाब अशी की पात्रात शैवाल एकटं नसतं. त्याच्या पेशीभोवती जिवाणूंची वस्ती असते. ते शैवालाने सोडलेली साखर आणि ऑक्सिजन घेतात, त्याला कार्बन डायऑक्साइड आणि अनेकदा ब-१२ जीवनसत्त्व देतात. औषध मोडण्याचं बरंच काम हे सोबतीच करतात. शैवालाला सोपं सेंद्रिय अन्न दिलं तरी चित्र बदलतं. २०१७ सालच्या एका अभ्यासात क्लॅमिडोमोनास जातीच्या शैवालाने सिप्रोफ्लॉक्सॅसिन जेमतेम १३ टक्के काढलं, आणि सोडियम अ‍ॅसिटेट घातल्यावर ५६ टक्के. पण तिथे औषधाचं प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅम होतं. शहरी सांडपाण्यात ते त्याच्या हजारपट कमी असतं, आणि तेवढ्या कमी प्रमाणात शैवाल तसंच वागेल असं गृहीत धरता येत नाही. आकड्यांमधल्या तफावतीचं मोठं कारण हेच आहे. कुणाचा दिवा वेगळा, कुणाचं प्रमाण वेगळं, कुणी मेलेल्या शैवालाचं पात्र लावलंच नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते. मोजणारं यंत्र एका ठरावीक वजनाचा रेणू शोधतं. त्या रेणूचा एक कोपरा तुटला की यंत्राच्या लेखी औषध संपलं. पण जिवाणूच्या लेखी संपलं का? ते पाहायला फार महागडं काही लागत नाही. जिवाणू वाढवायच्या अगारच्या थाळीवर ई. कोलाय या जिवाणूचा पातळ थर पसरायचा. वर कागदाची छोटी टिकली ठेवून तिच्यावर प्रक्रिया झालेल्या पाण्याचे थेंब सोडायचे आणि थाळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी थाळी उजेडाकडे धरली की सगळीकडे जिवाणूंचा दुधी थर दिसतो. टिकलीभोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ असेल, तर त्या पाण्यात जिवाणूला रोखणारं काहीतरी अजून शिल्लक आहे. यंत्राने ‘शून्य’ दाखवलं असलं तरीही. नदीच्या पाण्यातलं प्रमाण इतकं कमी असतं की ते आधी घट्ट करून घ्यावं लागतं, पण प्रश्न तोच राहतो. यंत्राचा आकडा आणि थाळीवरचं वर्तुळ दोन्ही छापलं असेल तरच मी त्या शोधनिबंधावर भरवसा ठेवते.

तर मुलांना सांगा की शैवाल थोडं धरून ठेवतं, थोडं मोडतं आणि उजेडाला व पाण्याला बरंचसं मोडायला मदत करतं. ‘खातं’ म्हणण्याइतकं ते क्वचितच करतं.

प्रश्न : अँटिबायोटिक सूक्ष्मजीव मारतं. मग शैवाल कसं वाचतं?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी

नेहमी वाचतं असं नाही. पेनिसिलिनचं कूळ जिवाणूच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकन या घटकावर घाव घालतं. हिरव्या शैवालाच्या भिंतीत ते नसतंच, त्यामुळे त्याला फारसं काही होत नाही. पण शैवालातलं हरितलवक हे फार पूर्वी पेशीत शिरलेल्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज आहे आणि त्यातले प्रथिनं बनवणारे रायबोसोम आजही जिवाणूंच्या धाटणीचे आहेत. एरिथ्रोमायसिन तिथेच जाऊन बसतं. ते लिटरमागे वीस-तीस मायक्रोग्रॅम असलं तरी हिरव्या शैवालाची वाढ निम्म्यावर येऊ शकते. ज्यांना लोक ‘निळं-हिरवं शैवाल’ म्हणतात ते सायनोबॅक्टेरिया तर स्वतःच जिवाणू आहेत, त्यांना या औषधांचा फटका आणखी जोरात बसतो. म्हणून कुठलं शैवाल निवडायचं हे पाण्यात कुठलं औषध आहे ते पाहूनच ठरवावं लागतं.

प्रश्न : मी सांडपाणी प्रकल्पात अभियंता आहे. आमच्या वायुवीजनाच्या टाक्या काढून शैवालाची तळी करावीत असा प्रस्ताव आला, तर तुम्ही काय सांगाल?

टाक्या काढू नका, एवढं नक्की सांगेन.

शैवालाचं तळं ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात तिचा पाया घातला. उथळ, धावपट्टीसारखं लांबट तळं, खोली साधारण ३० सेंटिमीटर, आणि पाणी हळूहळू फिरवणारं पात्यांचं चाक. शैवाल ऑक्सिजन देतं, जिवाणू मैला मोडतात, हवा फुंकायची वीज वाचते. पण तुमच्या टाकीत पाणी काही तास थांबतं, तिथे ते काही दिवस थांबवावं लागतं. त्यातून जागेची गरज किती वाढते ते तुम्ही माझ्यापेक्षा लवकर मांडाल. रात्री आणि ढगाळ दिवसांत काम मंदावतं. पाणी गडद असेल तर उजेड वरच्या काही सेंटिमीटरमध्येच संपतो.

खरी डोकेदुखी मात्र शैवाल पाण्यातून बाहेर काढण्याची आहे. उघड्या तळ्यात हजार लिटर पाण्यामागे जेमतेम अर्धा किलो कोरडं शैवाल असतं. पेशी बारीक आणि ऋणभारित, एकमेकींना दूर लोटणाऱ्या, त्यामुळे आपोआप तळाशी बसत नाहीत. गरगर फिरवून शैवाल वेगळं करणारा सेंट्रिफ्यूज लावला तर वाचलेली वीज तिथे जाते. तुरटीने बसवता येतं, पण मग गाळात अ‍ॅल्युमिनियम येतं. मला सगळ्यात आश्वासक वाटतात ते शैवाल आणि जिवाणू मिळून झालेले गोळे. ते स्वतःच्या वजनाने बसतात. शैवाल निघालंच नाही, तर त्याला चिकटलेलं औषध त्याच्यासोबत नदीत जातं आणि सगळा खटाटोप वाया जातो.

मोठ्या शहरासाठी ओझोन आणि सक्रिय कार्बन हे मार्ग आज जास्त खात्रीचे आहेत. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्रकल्पांना अशी जोड द्यायला सुरुवात केली. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात मोठ्या प्रकल्पांना शुद्धीकरणाचा हा जादा, चौथा टप्पा सक्तीचा केला, आणि त्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. शैवालाची जागा मला दिसते ती छोट्या वस्त्यांत, गोठ्यांच्या आणि मत्स्यशेतीच्या सांडपाण्यावर, जिथे ऊन आणि मोकळी जमीन आहे आणि ओझोनचं यंत्र चालवायला माणूस नाही. गोठ्याचं पाणी मात्र आधी पातळ करावं लागेल. अमोनिया जास्त आणि सामूही चढा, अशा पाण्यात शैवाल स्वतःच मरतं.

औषध कारखान्याचं लिटरमागे मिलिग्रॅमवालं पाणी शैवालावर ढकलायला माझा ठाम विरोध आहे. ते कारखान्याच्या आतच अडवलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. तुमच्या प्रकल्पात असं पाणी येत असेल तर ती जरूर वाचा.

आणि प्रस्ताव आणणाऱ्याला एक प्रश्न विचारा : प्रतिरोधाच्या जनुकांचं काय? औषध कमी झालं म्हणून सल-१ किंवा टेट-ए सारखी जनुकं आपोआप कमी होत नाहीत. ती जिवाणूंच्या डीएनएत बसलेली असतात. ऊन आणि चढा सामू यांनी मैल्यातले जिवाणू मरतात हे खरं, पण तळ्यात नव्याने वाढणाऱ्या जिवाणूंकडे ती जनुकं जाऊ शकतात. त्यांची मोजणी वेगळी करावी लागते.

प्रश्न : माझ्याकडे दुभती जनावरं आहेत. अशा तळ्यातलं शैवाल प्रथिनयुक्त असतं म्हणे. वाळवून खाद्यात घालू का?
– एक पशुपालक

दादा, घालू नका. शैवालात प्रथिनं भरपूर असतात, यात शंका नाही. पण ज्याने औषध धरून ठेवलं तेच तुम्ही जनावराच्या पोटात परत पाठवाल, रोज आणि थोडं थोडं. प्रतिरोधक जिवाणू तयार व्हायला यापेक्षा सोयीची व्यवस्था नाही. खाद्याचं शैवाल स्वच्छ पाण्यात वेगळं वाढवतात, तेच घ्या. सांडपाण्यातल्या शैवालापासून बायोगॅस किंवा हवाबंद भट्टीत बायोचार, म्हणजे एक प्रकारचा कोळसा, करता येतो. बायोचारच्या तापमानाला ही औषधं टिकत नाहीत.

तुमच्या हातात याहून मोठी गोष्ट आहे. पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका, आणि उपचार चालू असलेल्या जनावराचं शेणमूत शक्य तेवढं वेगळं ठेवा.

प्रश्न : पाणी उकळलं की अँटिबायोटिक जातं का?

जंतू मरतात, बहुतेक औषधं जात नाहीत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला उकळत्या पाण्याचं काही वाटत नाही. सक्रिय कार्बन आणि आरओ बरंच काढतात. पण पिण्याच्या पाण्यात औषध सापडलंच तर ते गोळीच्या मात्रेच्या मानाने नगण्य असतं. तुम्हाला थेट विषबाधेची भीती नाही. उरलेल्या गोळ्या मात्र बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी शैवाल आणि अँटिबायोटिकचा प्रयोग घरी करू शकते का?

तुझा उत्साह आवडला, पण अँटिबायोटिक आणि सांडपाणी दोन्ही घरी आणू नकोस. थोड्या औषधात जिवाणू वाढवणं म्हणजे प्रतिरोधक जिवाणू निवडणं. ते काम बंदिस्त प्रयोगशाळेतच व्हायला हवं. थाळीचा प्रयोगही तिथलाच.

औषधाऐवजी मिथिलीन ब्लू हा रंग घे. तो शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. त्याच्या रेणूवर धनभार असतो, म्हणून तो शैवालाच्या भिंतीला चिकटतो, आणि उजेडात हळूहळू विटतोही. म्हणजे वर सांगितलेल्या दोन वाटा तुला डोळ्यांनी पाहता येतील. क्लोरेला जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे मागून पाहा. वर विज्ञानशिक्षिकेला दिलेल्या उत्तरात जी चार पात्रं सांगितली आहेत तीच तू लाव. मेलेलं शैवाल हवं असेल तर थोडं शैवाल तुझ्या विज्ञानाच्या बाईंच्या मदतीने उकळून गार कर. रंग फिकट निळा दिसेल इतकाच घाल, आणि चारही पात्रांत सारखा.

रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक पात्रातलं थोडं पाणी काढून शैवाल खाली बसू दे. वरच्या निवळ पाण्याचा रंग आधी करून ठेवलेल्या फिक्या-गडद नमुन्यांशी ताडून पाहा. शेवटच्या दिवशी खाली बसलेलं शैवाल वेगळं काढ आणि बाईंच्या देखरेखीखाली, जवळ ज्योत नसताना, थोड्या अल्कोहोलमध्ये ढवळ. हिरवा रंग उतरेलच, पण त्यासोबत निळाही उतरला तर मिथिलीन ब्लू मोडला नव्हता, नुसता चिकटून बसला होता. तो आकडा तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिही, ‘नाहीसा झाला’ या रकान्यात मिळवू नकोस. मेलेल्या शैवालाने जिवंताएवढाच रंग ओढला, तर तेही तसंच लिही.